दुकान एकाचं, माल दुसऱ्याचा

एप्रिल 2008 मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत 'ओकामी' या जपानी गेमची नवी आवृत्ती आली, निन्टेन्डोच्या वी या कन्सोलसाठी. वेष्टनावर पांढराशुभ्र लांडगा, अंगावर तांबड्या खुणा. चित्र देखणं होतं. पण लांडग्याच्या तोंडाजवळ नीट पाहिलं की एक पुसट शिक्का दिसायचा, 'आयजीएन'. हे नाव गेमची परीक्षणं छापणाऱ्या एका संकेतस्थळाचं. कॅपकॉम या प्रकाशक कंपनीच्या स्वतःच्या संग्रहातलं चित्र घ्यायचं सोडून कोणीतरी ते त्या संकेतस्थळावरून उचललं होतं आणि शिक्क्यासकट छापून मोकळं झालं होतं. बोभाटा झाल्यावर कॅपकॉमने अमेरिका आणि कॅनडातल्या ग्राहकांना नवं वेष्टन फुकट पाठवायची तयारी दाखवली.

गंमत अशी, की याच आयजीएनने 'ओकामी'ला 2006 सालचा सर्वोत्कृष्ट गेम ठरवलं होतं. गिनीजवाल्यांनीही पुढे त्याची दखल घेतली, पण वेगळ्या कारणासाठी: 'वर्षातला सर्वोत्कृष्ट गेम' हा मान मिळवलेल्यांपैकी धंद्यात सर्वांत मागे पडलेला गेम म्हणून.

असं का झालं याची दोन उत्तरं तयार असतात. गेम एकाच यंत्रापुरता बांधून ठेवला होता आणि जाहिरातीत कंपनीने हात आखडता घेतला. दोन्हींत तथ्य आहे. पण ओसाकातल्या ज्या मंडळींनी 'ओकामी' केला, त्यांनीच वीसेक वर्षांत वेगवेगळ्या यंत्रांसाठी, वेगवेगळ्या मालकांच्या पैशावर गेम केले. माणसं बरीचशी तीच, हात तोच, दुकान तेवढं बदलत गेलं. त्यामुळे हा हिशेब जरा नीट मांडून पाहता येतो. आणि तो मांडला की 'यंत्र जितकं घरोघरी, तितका खप जास्त' हे समीकरण फार वेळ टिकत नाही.

आधी धंद्याची रीत. सोनी, निन्टेन्डो, मायक्रोसॉफ्ट या कंपन्या आपापले कन्सोल बऱ्याचदा जेमतेम नफ्यावर, कधी तोटा सोसूनही विकतात. खरी कमाई गेमवर. गेम दुसऱ्या कंपनीचा असला तरी खपलेल्या प्रत्येक प्रतीमागे यंत्रवाल्याचा वाटा ठरलेला असतो. म्हणून 'हा गेम फक्त आमच्याकडे' ही पाटी प्रत्येकाला हवी असते. गेमर मंडळी अशा गेमला सरळ 'एक्स्क्लुझिव्ह' म्हणतात. मारिओसारख्या बड्या नावाला या बंधनाची झळ लागत नाही, कारण मारिओसाठी लोक यंत्रच विकत आणतात. चाकोरीबाहेरच्या गेमसाठी सहसा कोणी नवं यंत्र घेत नाही. तो आधीपासून घरात यंत्र असलेल्यांपैकी मूठभर चोखंदळांवर जगतो, आणि त्यांना तो बाजारात आल्याचं वेळेवर कळावं लागतं. मराठी सिनेमावाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. मल्टिप्लेक्सचा पडदा मिळाला तरी शो सकाळी नऊचा की संध्याकाळी सातचा, यावर सगळं फिरतं.

आता नोव्हेंबर 2002. निन्टेन्डोचा गेमक्यूब बाजारात येऊन वर्ष उलटलं होतं. छोटा चौकोनी ठोकळा, मागे उचलायला कडी, आत आठ सेंटीमीटरच्या इवल्या तबकड्या. खेळण्यासारखा दिसणारा हा कन्सोल 'पोराटोरांचं यंत्र' म्हणून ओळखला जाऊ लागला होता. समोर सोनीचा प्लेस्टेशन-2 होता आणि त्याचा आकडा 5 कोटींच्या घरात चालला होता. अशा वेळी कॅपकॉमने पत्रकार परिषद घेऊन गेमक्यूबसाठी पाच गेम जाहीर केले: 'पी.एन.03', 'व्ह्यूटिफुल जो', 'डेड फिनिक्स', 'रेसिडेंट ईव्हिल 4' आणि 'किलर 7'. गेमच्या इतिहासात हे पंचक 'कॅपकॉम फाइव्ह' म्हणून ओळखलं जातं. यामागचा मुख्य माणूस शिन्जी मिकामी. 'रेसिडेंट ईव्हिल' ही भयकथांची मालिका त्यांनीच उभी केलेली आणि ती त्यांनी आधीच, 2001 मध्ये, निन्टेन्डोच्या दावणीला बांधली होती.

दोन महिने जातात न जातात तोच कॅपकॉमने खुलासा केला. फक्त गेमक्यूबवर राहणार असेल तर तो एकटा 'रेसिडेंट ईव्हिल 4'. बाकीच्यांबद्दल गैरसमज झाला. पुढे 'डेड फिनिक्स' रद्द झाला. 'पी.एन.03' आला आणि विस्मरणात गेला. 'किलर 7' 2005 मध्ये निघाला तो दोन्ही यंत्रांवर एकदमच.

'व्ह्यूटिफुल जो' मात्र नाव काढणारा निघाला. दिग्दर्शक हिदेकी कामिया, निर्माते अत्सुशी इनाबा. नायक जो हा सिनेमाचा वेडा; त्याची प्रेयसी पडद्याच्या आत ओढली जाते आणि तिला सोडवायला हा पडद्यात शिरतो. खेळणाऱ्याच्या हातात सिनेमाच्याच क्लृप्त्या: दृश्य संथ करा, भरधाव सोडा, कॅमेरा जवळ आणा. समीक्षक खूश झाले. 2004 मध्ये तो प्लेस्टेशन-2 वरही आला, आणि तिथल्या गिऱ्हाइकाला आमिष म्हणून कॅपकॉमच्याच दुसऱ्या गेममधला दांते हा नायक त्यात घालून दिला.

आणि 'रेसिडेंट ईव्हिल 4'? हा गेम दुसऱ्या यंत्रावर गेला तर आपण आपलं डोकं उडवून घेऊ, अशा आशयाचं मिकामी बोलून बसले होते. 2004 च्या शरदात कॅपकॉमने प्लेस्टेशन-2 ची आवृत्ती जाहीर केली, तीही गेमक्यूबची आवृत्ती जानेवारी 2005 मध्ये दुकानात यायच्या आधी. म्हणजे ज्याच्या घरी सोनीचं यंत्र होतं त्याला कंपनीनेच सांगून टाकलं की घाई नको, थोडं थांबा. थांबणाऱ्यांना वर एक जादा कथानकही मिळालं.

तरीही आकडे पाहण्यासारखे आहेत. कॅपकॉमच्या नोंदींनुसार गेमक्यूबवर 16 लाख प्रती गेल्या, प्लेस्टेशन-2 वर 23 लाख. पहिल्या नजरेला मोठ्या यंत्राची सरशी दिसते. पण गेमक्यूब जगभरात एकूण विकले गेले 2 कोटी 17 लाख आणि प्लेस्टेशन-2 तब्बल 15 कोटींच्या वर. गेमक्यूब असलेल्या साधारण दर चौदा घरांपैकी एकात हा गेम पोचला. प्लेस्टेशन-2 ला तेच प्रमाण दर पासष्ट-सत्तर घरांमागे एक इतकं पातळ आहे. गेमक्यूबवाल्या गिऱ्हाइकाला मोठ्या माणसांचे गेम मिळत नव्हते. तो उपाशी होता. प्लेस्टेशनवाल्यापुढे पंगत मांडलेली होती, त्यात आणखी एक पान वाढलं गेलं. अर्थात कंपनीला प्रमाण बँकेत भरता येत नाही, प्रतीच भराव्या लागतात, म्हणून कॅपकॉमने केलं ते धंद्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. लहान दुकानात माल पडून राहतो, हे मात्र यातून सिद्ध होत नाही.

2004 मध्ये कॅपकॉमने कामिया, इनाबा आणि त्यांच्या मंडळींसाठी ओसाकात क्लोव्हर स्टुडिओ ही वेगळी उपकंपनी काढून दिली. इथेच 'ओकामी' तयार झाला. सुरुवातीला त्यांना निसर्ग अगदी हुबेहूब दाखवायचा होता. प्लेस्टेशन-2 च्या ताकदीला ते पेलेना. मग त्यांनी जपानी शाईचित्रांची वाट धरली, आणि ती गेमच्या अंगी अशी भिनली की दुसरी कुठली कल्पनाच आता करवत नाही. खेळणारा म्हणजे लांडग्याच्या रूपातली सूर्यदेवता अमातेरासू. चालता चालता बटण दाबलं की चित्र गोठतं, पडद्याचा जुना कागद होतो आणि हातात ब्रश येतो. आकाशात एक वर्तुळ काढलं की सूर्य उगवतो. वाळलेल्या झाडाभोवती फेर धरला की ते बहरतं. आडवी रेघ ओढली की समोरचा राक्षस दुभंगतो. हे सगळं चाळीसएक तास चालतं.

अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीत हे सांगणार कसं? बंदुकीच्या गेमची जाहिरात सोपी, गोळी सुटली की प्रेक्षकाला कळलं. इथे गेमची सगळी मजा हाताच्या हालचालीत आणि हळूहळू परतणाऱ्या रंगांत. शिवाय लांडगा, देवता, शाई ही जुळणी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला अनोळखी. तेव्हा जाहिरातीवर पैसा कमी खर्च झाला एवढंच म्हणून भागत नाही. तो कशावर खर्च करायचा हेच कोणाला ठरवता आलं नसावं.

त्यात वेळ चुकली. यंत्र चुकीचं नव्हतं, प्लेस्टेशन-2 तोवरचा सर्वांत खपाऊ घरगुती कन्सोल होता. जपानमध्ये 'ओकामी' 20 एप्रिल 2006 रोजी निघाला. महिनाभर आधी त्याच यंत्रावर 'फायनल फँटसी 12' येऊन गेला होता आणि लांबलचक कथेचा गेम घेणाऱ्यांचे खिसे रिकामे करून गेला होता. अमेरिकेत तो सप्टेंबरात पोचला. नोव्हेंबरात प्लेस्टेशन-3 आणि वी ही दोन नवी यंत्रं येणार होती. मासिकांची पानं, दुकानांतल्या फळ्या आणि लोकांची बचत, सगळं तिकडे वळलेलं. त्या वर्षात उत्तर अमेरिकेत सुमारे 2 लाख प्रती गेल्या, जपानमध्ये 66 हजारांच्या आसपास. अमेरिकेत गेम येऊन महिनाही झाला नव्हता तोच, ऑक्टोबर 2006 मध्ये, कॅपकॉमने क्लोव्हर बंद करत असल्याचं जाहीर केलं. युरोपात 'ओकामी' फेब्रुवारी 2007 मध्ये पोचला. तिथे आनंदाने गेम घरी नेणाऱ्यांच्या हातात बुडालेल्या घराण्याचा दागिना होता.

मग ती वी आवृत्ती. कॅलिफोर्नियातल्या रेडी अॅट डॉन या स्टुडिओने ती केली. वीचा रिमोट हवेत फिरवून ब्रश मारता येतो, तेव्हा कल्पना चांगलीच होती. पण मूळ गेमच्या शेवटी येणारी कलाकारांची नामावली कापली गेली, कारण त्या चित्रफितीत क्लोव्हरचं चिन्ह होतं आणि ते वापरायचा हक्क आपल्याला नाही, असं कॅपकॉमचं म्हणणं. कामिया यांनी याबद्दल उघड हळहळ व्यक्त केली. वेष्टनावर परक्याचा शिक्का आणि आत घरच्यांची नावं गायब! त्यानंतर 'ओकामिदेन' हा पुढचा भाग निन्टेन्डो डीएससाठी निघाला, क्लोव्हरशिवाय. अमेरिकेत तो आला 15 मार्च 2011 रोजी, आणि डीएसचा वारस थ्रीडीएस तिथे आला 27 मार्चला. बारा दिवस! एखादी कंपनी एकाच नावाला दोनदा यंत्राच्या उतरत्या काळात बाजारात सोडते, तेव्हा नशिबाला बोल लावणं अवघड जातं.

क्लोव्हरमधून बाहेर पडलेल्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. 2007 पासून त्याचं नाव प्लॅटिनमगेम्स. 2008 मध्ये सेगा या प्रकाशक कंपनीने त्यांच्याशी करार केला आणि त्यातला पहिला गेम मार्च 2009 मध्ये आला, 'मॅडवर्ल्ड'. काळंपांढरं चित्र, त्यात फक्त रक्त लाल. नायकाच्या हाताला साखळी-करवत. आणि हे सारं वीवर! त्याच महिन्यात 5 कोटींचा टप्पा गाठलेलं यंत्र, पण घरोघरी ते दिवाणखान्यात होतं आणि आजीआजोबा त्यावर बोलिंग खेळत होते. ब्रिटनमध्ये माध्यमांवर डोळा ठेवणाऱ्या एका संस्थेने गेमविरुद्ध ओरड केली, म्हणजे फुकटात प्रसिद्धीही मिळाली. तरी अमेरिकेत पहिल्या महिन्यात खप झाला 66 हजार. इथे तर यंत्राच्या आकड्याची पूर्णच फजिती आहे. 'मॅडवर्ल्ड' आवडेल असा माणूस एकतर मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 वर खेळत होता, नाहीतर त्याचा वी धूळ खात पडला होता.

त्याच वर्षाच्या शेवटी 'बेयोनेटा' आला, कामिया यांचाच, प्लेस्टेशन-3 आणि एक्सबॉक्स 360 या दोन्हींवर. मूळ काम एक्सबॉक्सवर झालं होतं, तीच आवृत्ती सरस होती. जपानच्या 'फामित्सु' साप्ताहिकाने तिला 40 पैकी 40 गुण दिले. सेगाने करून घेतलेली प्लेस्टेशन-3 ची आवृत्ती अडखळत चालायची. जपानमध्ये जास्त खपली ती अडखळणारी, कारण तिथे एक्सबॉक्स फारसा कोणाच्या घरी नव्हताच. मार्च 2010 पर्यंत जगभरात साडेतेरा लाख प्रती गेल्या. या मंडळींच्या मानाने हे मोठं यश. सेगाला मात्र ते पुरलं नाही. 2012 मध्ये सेगाने हमखास चालणाऱ्या मोजक्या मालिकांवरच पैसा लावायचं धोरण धरलं आणि 'बेयोनेटा'चा दुसरा भाग वाऱ्यावर सुटला.

तो झेलला निन्टेन्डोने. सप्टेंबर 2012 मध्ये जाहीर झालं की 'बेयोनेटा 2' फक्त वी यू या कन्सोलवर येणार. हा कन्सोल तेव्हा बाजारात आलेलाही नव्हता. पहिला भाग सोनी आणि मायक्रोसॉफ्टच्या यंत्रांवर खेळलेले चाहते खवळले. गेम इतर यंत्रांवरही आणा म्हणून सह्यांची मोहीम निघाली. निन्टेन्डोने पैसे घातले नसते तर हा गेमच नसता, हे कामिया आणि इनाबा पुन्हा पुन्हा सांगत राहिले, आणि चाहत्यांना ते पटायला फार वेळ लागला. वास्तविक एक्स्क्लुझिव्ह या शब्दाखाली दोन निराळे व्यवहार चालतात. एकात तयार होणारा गेम पैसे मोजून इतरांपासून अडवला जातो. दुसऱ्यात कोणी करायलाच धजत नाही त्या गेमला कोणीतरी पोसतं आणि आपल्या दारात बसवतं. ग्राहकाला बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून राग सारखाच येतो. 'बेयोनेटा 2' सरळसरळ दुसऱ्या प्रकारातला.

पोसणाऱ्याचंच घर मात्र पडकं निघालं. जानेवारी 2014 मध्ये निन्टेन्डोने वी यूच्या वर्षभराच्या विक्रीचा अंदाज 90 लाखांवरून 28 लाखांवर आणला. 'बेयोनेटा 2' त्याच वर्षी सप्टेंबरात जपानमध्ये निघाला, सोबत पहिला भागही देऊन, आणि बेयोनेटा या नायिकेला निन्टेन्डोच्या पात्रांचे पोशाख चढवून. 'एज' मासिकाने 10 पैकी 10 गुण दिले. जपानमधला पहिल्या आठवड्याचा खप 40 हजारांच्या आतच राहिला.

पण निन्टेन्डोला एक गोष्ट करता येत होती जी सेगाला जमण्यासारखी नव्हती. 2015 मध्ये 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या आपल्या लोकप्रिय गेममध्ये कोणतं पात्र हवं, याचा निन्टेन्डोने जगभर कौल घेतला. घेता येण्याजोग्या पात्रांत बेयोनेटा युरोपात पहिली आली. फेब्रुवारी 2016 पासून ती मारिओ आणि पिकाचू यांच्याशी मारामारी करू लागली, आणि जिचं नावही ऐकलं नव्हतं अशा पोरांच्या हातात गेली. कुठल्याही फलकावर, दूरदर्शनवर पैसे ओतून अशी ओळख होत नाही. 2018 मध्ये 'बेयोनेटा 2' स्विच या नव्या यंत्रावर आला आणि तिथे पुढे त्याने 10 लाखांची वेस ओलांडली. चार वर्षांचा जुना गेम, एका अक्षराचाही बदल न करता म्हणावा इतका तोच. एक्स्क्लुझिव्ह आधीही होता, आताही होता, मालकही तोच. त्याची ओळख आधीच झाली होती आणि मधल्या काळात मालकाचं दुकान चालू लागलं होतं.

याच काळात वी यूवर बळी गेला तो 'द वंडरफुल 101' चा. हाही कामिया यांचाच, 2013 च्या ऑगस्टमधला. निन्टेन्डोने त्याच्यासाठी खास एक चित्रफीत प्रसारित केली, तरी जपानमध्ये पहिल्या आठवड्यात 5 हजारांच्या आसपास प्रती गेल्या. शंभर चिमुकले वीर एकत्र येऊन कधी मूठ होतात, कधी तलवार, हे पाहून लोकांना हा गेम लहान मुलांचा वाटला. आणि हातात घेतल्यावर तो भलताच अवघड निघाला. साडेसहा वर्षांनी, फेब्रुवारी 2020 मध्ये, प्लॅटिनमगेम्सने थेट चाहत्यांकडेच झोळी पसरली, किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर. तिथे टप्पे मांडलेले होते: 50 हजार डॉलर जमले तर गेम स्विचवर, अडीच लाख जमले तर स्टीमवर, म्हणजे पीसीवर, आणि 5 लाख जमले तर प्लेस्टेशन-4 वर. एरवी दोन कंपन्यांच्या बंद खोलीत ठरणारा यंत्रबदलाचा भाव इथे असा चव्हाट्यावर लागला होता. तिन्ही टप्पे भराभर पार झाले. निन्टेन्डोने हरकत घेतली नाही.

'ओकामी' एव्हाना जवळपास सगळीकडे पोचला होता. 2012 मध्ये प्लेस्टेशन-3 वर, डिसेंबर 2017 मध्ये प्लेस्टेशन-4, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर, 2018 मध्ये स्विचवर. या आवृत्त्यांसाठी कॅपकॉमने फार गाजावाजा केला नाही. तोवर दहा-बारा वर्षं लोकांनी एकमेकांना सांगून जाहिरातीचं काम केलं होतं, फक्त घ्यायला हात पुढे केला की मिळेल अशा ठिकाणी गेम नव्हता. शाईच्या चित्रांना एक फायदाही झाला. त्या काळातले हुबेहूब दिसू पाहणारे गेम आज ओबडधोबड वाटतात. 'ओकामी' जुना दिसत नाही. यंत्राच्या अशक्तपणामुळे धरलेली वाट अशी उशिरा कामी आली.

कामिया यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये प्लॅटिनमगेम्स सोडलं. 12 डिसेंबर 2024 रोजी द गेम अवॉर्ड्सच्या सोहळ्यात पांढरा लांडगा माळावरून धावत येताना दिसला: 'ओकामी'चा पुढचा भाग, दिग्दर्शक कामिया, स्टुडिओ त्यांचाच नवा, क्लोव्हर्स नावाचा, प्रकाशक पुन्हा कॅपकॉम. त्या पहिल्या ट्रेलरमध्ये ना तारीख होती, ना एकाही यंत्राचं नाव.